कैरीनं शिकवलेला साबण

माझ्या हातच्या पहिल्या साबणानं आमच्या मामंजींच्या घोंगडीला सात भोकं पाडली. त्याआधी त्यानं एका जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्याचं बूड खाल्लं होतं. पुढं तीसेक वर्षं मी भोरात साबण केला, लोकांनी तो पुण्याला पाहुण्यांकडं भेट म्हणून नेला. पण कुणी मला विचारलं, की बाई, ही विद्या कुठं शिकलात, तर मला आधी ती घोंगडी आठवते. सुरुवात तिथूनच सांगायला हवी.

माझं माहेर शिवऱ्याचं. शेतकऱ्याचं घर, चौथीपर्यंत शाळा. लग्न होऊन भोरला आले ती तेलाच्या घाण्यावर. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घरात सासरे, म्हणजे मामंजी, माझे मालक आणि मी. शिवाय घाण्याला आळीपाळीनं जुंपायचे दोन बैल. मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि मालक खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला लागले. महिन्यातून एखाद्या रविवारी कापूरहोळपर्यंत मोटारीनं आणि तिथून मिळेल त्या वाहनानं घरी यायचे. बाकी दिवस मी आणि मामंजी.

आमच्या घाण्यावर करंजाचं तेल जास्त निघायचं. वेल्ह्याकडचे लोक उन्हाळ्यात रानातल्या करंजाच्या बिया गोळा करून पोत्यानं आणायचे. करंजेल कडू, खायला चालत नाही. दिव्याला, जनावरांच्या जखमांना, गाडीच्या आसाला, असा त्याचा उपयोग. लढाईत रॉकेल मिळेनासं झालं तेव्हा लोक पुन्हा दिव्यासाठी आमच्या दारात बुधले घेऊन उभे राहायला लागले. म्हणजे तेलाच्या थेंबाथेंबाला गिऱ्हाईक होतं, आणि मामंजी तेलाच्या बाबतीत देवाच्या नैवेद्यासारखे काटेकोर.

साबण मात्र दुकानातून पार गेला. इतर घरांना त्याचं फारसं काही वाटलं नसेल. त्या काळी अंगाला साबण लावणारी माणसं भोरात मोजकीच, धुणंही बहुतेक घरी रिठ्यावर नाहीतर खारावर भागायचं. पण तेल्याच्या घरचं धुणं काय असतं ते तेल्याच्या बाईलाच विचारावं. मामंजींची पैरण उन्हात उभी केली तर उभी राहील, इतकं तिच्यात तेल आणि पेंडीची धूळ. रिठ्याला ती दाद देत नसे. नदीवर मी दगडावर आपटून आपटून हैराण व्हायची आणि घरी आणलं की पैरण तितकीच पिवळी.

एका रविवारी मी मालकांना म्हणाले, "साबण कशाचा करतात ते तुमच्या कारखान्यात कुणाला तरी विचारून या."

पुढच्या खेपेला ते सांगत आले. तेलात कॉस्टिक सोडा घालून शिजवतात म्हणे. कॉस्टिक लढाईमुळं कुणाला मिळत नाही. पण कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या कामगारानं सांगितलं, की पूर्वी लोक राखेचं पाणी काढून त्यात चुना घालायचे, की पाणी तिखट व्हायचं, आणि मग त्यात तेल शिजवायचे.

राख घरात होती, चुना होता, तेल तर होतंच. मला वाटलं, आणखी काय पाहिजे.

बाभळीची राख मडक्यात भरून वरून पाणी सोडलं, खाली थेंब थेंब गळालं ते धरलं, त्यात कळीचा चुना विरवला, निवळ वरची घेतली आणि मालकांनी पुण्याहून आणलेल्या नव्या जर्मनच्या पातेल्यात चुलीवर चढवली. आता कुणीही सांगेल, की तिखट खाराचं पाणी जर्मनच्या भांड्यात घालायचं नसतं, लोखंडाच्याच कढईत घालायचं. तेव्हा मला सांगायला कुणी नव्हतं. पाणी फसफसायला लागलं, पातेलं काळं पडलं, आणि मी बघत उभी असतानाच बुडातून चुलीत धार लागली. उरलेलं घाईनं गुळाच्या जुन्या कढईत ओतलं आणि मामंजी बाहेर गेल्याचं बघून त्यात दोन शेर करंजेल घातलं.

मामंजी परतले तेव्हा कढई रटरटत होती.

"सूनबाई, काय शिजतंय?"

"साबण, मामंजी."

"वास मेल्या घुशीवानी येतोय," एवढंच म्हणाले आणि बैलाला पेंड घालायला गेले.

जे झालं ते काकवीसारखं होतं. तपकिरी, चिकट, वडी पडायचं नावच नाही. पण त्यातलं बोटभर घेऊन मी पैरणीला लावलं आणि ती पांढरी निघाली. इतकी पांढरी, की मला ती आपल्या घरातली वाटेना. त्या आनंदात मी मामंजींची घोंगडीही त्याच रेंद्यात बुचकळून ठेवली आणि दुपारी काढून भिंतीवर वाळत घातली. संध्याकाळी घडी घालायला गेले तर लोकर हातात आली.

मामंजींनी घोंगडी उजेडाकडं धरली. सातही भोकांतून त्यांनी एकदा बघितलं. मी कोपऱ्यात उभी. दुसऱ्या दिवशी बाजार होता. तीच घोंगडी खांद्यावर टाकून ते बाजाराला गेले. लोकांनी विचारलं, तेलीबुवा, हे काय झालं, तर प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, "सुनंनं साबण केलाय." ही तक्रार होती की कौतुक, हे मला त्या दिवशी कळलं नाही. बाजारात वेल्ह्यापासून माणूस येतो. दिवस मावळायच्या आत ही गोष्ट डोंगरात पोचली होती.

त्यानंतर आठ दिवसांनी भागाबाई आली. भागाबाई वेल्ह्याच्या वरच्या अंगाला धनगरवाडीत राहायची. तिच्या मेंढ्या होत्या, आणि मामंजींची घोंगडी तिच्याच मेंढ्यांच्या लोकरीची होती. करंजाच्या बिया घालायला ती दरसाल यायची, पण या वेळी आधी घोंगडी बघायला मागितली. भोकांतून बोटं घालून ती पोट धरून हसली.

"अगं, लोकर म्हंजे केसच की. चांभार कातड्याचे केस उतरवाया चुन्यात घालतो, ठावं न्हाई व्हय तुला? तू तेच केलंस."

हसता हसता ती थांबली. मागं तिची लेक सखू तान्ही पोर पदराखाली घेऊन उभी होती. भागाबाईनं पोरीचा हात बाहेर काढून माझ्यापुढं धरला. बोटांच्या बेचक्यांतून, मनगटावर, कोपरापर्यंत खरूज. पोर झोपेतही हात घासत होती. सखूचेही हात तसेच.

"समद्या वाडीला झालीया. अकरा घरं. दवाखान्यात गेलो तर कंपौंडरनं गंधकाचं मलम दिलं. म्हणला, आधी साबणानं घासून न्हा, मगच लावा, तसंच चोपडून उपेग न्हाई. आता साबण कुठनं आणू?" मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुजा साबण लोकर खातो. खरूज खाईल का?"

ती थट्टेनंच म्हणाली होती. पण सखू हसली नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी त्याच दिवशी दवाखान्यात गेले. कंपौंडरकाका वाळक्या अंगाचे, नाकावर चष्मा, बोलणं पुण्याकडचं. मी मडक्यातला रेंदा दाखवला. त्यांनी काडीच्या टोकावर घेऊन जिभेला लावला आणि लगेच थुंकून चूळ भरली.

"वहिनी, हा कुणाच्या अंगाला लावू नका. यात खार मोकळा राहिलाय. खरजेच्या जखमेवर लागला तर पोर तुम्हाला जन्मभर विसरणार नाही."

मग त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. राखेतल्या खाराचा साबण नेहमी मऊच राहणार. घट्ट वडी हवी तर सोडा लागतो, आणि आपण पापडात घालतो तो पापडखार म्हणजे एक प्रकारचा सोडाच. तो वाण्याकडं अजून मिळत होता. ही पहिली गोष्ट. दुसरी अशी, की पाणी किती तिखट झालं ते कळायला त्यात कोंबडीचं ताजं अंडं सोडायचं. अंडं बुडालं तर पाणी अळणी. आडवं होऊन तरंगलं तर फार तिखट. रुपयाएवढा भाग वर दिसेल इतपत तरंगलं, की बरोबर.

"जमेल?" त्यांनी विचारलं. "जमलं तर सांगा. माझ्याकडं अशी वीस गावं आहेत."

घरी येऊन मी मामंजींना सगळं सांगितलं. दारात तेव्हा तीन माणसं दिव्याच्या तेलासाठी बसून होती. मामंजींनी त्यांचे बुधले भरून दिले, हात पुसले, आणि कोपऱ्यातला एक डबा माझ्याकडं सरकवला.

"ह्यो एक डबा. ह्याच्यात झाला तर झाला. ह्याच्या म्होरं मागू नगंस. लोकांच्या घरात अंधार करून आपल्याला साबण नगं."

त्या डब्यातलं पाव तेल मी पहिल्याच दिवशी घालवलं. पापडखार सोडाच आहे म्हटल्यावर मी तो तसाच पाण्यात विरघळवून तेल घातलं आणि दिवसभर ढवळलं. संध्याकाळी तेल वर, पाणी खाली, एकमेकांची ओळख नसल्यासारखी. चुना घालायचा राहिला होता. पापडखार साधा असतो. चुन्याबरोबर उकळला तरच त्याचा तिखट खार होतो. हे मला चार दिवस विचार करून उमगलं.

मग अंड्याचा प्रश्न. मामंजी माळकरी. आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलेलं नव्हतं. मी शेजारणीकडून पदराखाली लपवून आणलं, आणि नेमके ते समोर आले.

"काय हाय ते?"

खोटं बोलवेना. "अंडं. पाण्याचं वजन बघायला."

ते जवळ आले. "खायचं न्हाई न्हवं?"

"न्हाई, मामंजी."

"मग पवाया सोड," म्हणाले, आणि स्वतः खारपाण्याच्या घमेल्याशी उकिडवे बसले. अंडं खाली जाऊन सावकाश वर आलं. आम्ही दोघांनी वाकून बघितलं. रुपयाएवढंच वर दिसत होतं. मामंजींनी घाण्यात घालायच्या आधी बी पारखावं तशी मान हलवली.

उरलेलं सगळं तेल मी लोखंडी कढईत ओतलं. राखून ठेवण्यात अर्थ नव्हता, सखूच्या पोरीला पुढच्या सालचा साबण उपयोगाचा नव्हता. खारपाणी थोडं थोडं घालत गेले आणि लाकडी उलथन्यानं ढवळत राहिले. तास-दोन तासांत तेल दिसेनासं झालं. सारं एकजीव, पिठल्यासारखं. माझ्या जिवात जीव आला. पण पिठलं ते पिठलंच राहिलं. शिजवलं तरी आळेना, पाट्यावर थेंब टाकला तर पसरे. जिभेला लावलं तर मुंग्या आल्या. म्हणजे पाणीही जास्त, खारही मोकळा. दुपार टळायला आली आणि माझे हात उलथनं सोडून द्यायला लागले.

चैत्र संपत आला होता. त्याच दिवशी सकाळी मी लोणच्यासाठी कैऱ्या चिरून मीठ लावून परातीत ठेवल्या होत्या. माशा बसू नयेत म्हणून झाकण नीट करायला गेले, तर परातीत कैरीला पाणी सुटलेलं. फोडी आकसलेल्या, घट्ट, आणि पाणी वेगळं. मी तिथंच थांबले. माझ्याही कढईत हेच तर हवं होतं. घट्ट ते घट्ट, आणि पाणी वेगळं.

मी मिठाचं मडकं उचललं. कढईशी आले तर हात थबकला. चुकलं तर डबाभर तेल नासलं, आणि पुढं मागायचं नाही हे ठरलेलं.

मामंजी माझ्या हातातलं उलथनं घेऊन ढवळत होते. त्यांनी मडक्याकडं बघितलं.

"मीठ?"

"कैरीला पाणी सुटतं, मामंजी. ह्यालाबी सुटंल."

"ह्यो काय कैरी हाय?" म्हणाले. पण बाजूला सरकले.

मी दोन ओंजळी मीठ घातलं. काही झालं नाही. आणखी दोन घातल्या. आणि कढईतलं पिठलं फाटलं. दूध नासतं तसं चराचरा फाटलं. मामंजी म्हणाले, "गेलं." मी म्हणाले, "थांबा." कारण फाटलेल्या गुठळ्या खाली बसत नव्हत्या, वर येत होत्या. लोण्यासारख्या एकमेकींना चिकटत त्यांचा बोटभर जाड थर झाला. पळीनं तो बाजूला सारला तर खाली काळंशार, दुर्गंधी पाणी. करंजाचा सगळा कडवट वास, राहिलेला खार, मळ, सगळं त्या पाण्यात उतरलं होतं. वरची साय पिवळसर, गुळगुळीत. मी चिमूटभर घेऊन फुंकर मारली आणि जिभेला लावली. काही नाही. मुंग्या नाहीत, चटका नाही. नुसता साबण.

मामंजींनीही लावून बघितला. मग पुन्हा लावला. "कैरी हुशार निघाली," म्हणाले.

साबणवाले याला मीठ मारणं म्हणतात हे मला फार पुढं कळलं. कंपौंडरकाकांनी त्यामागचं रसायन सांगितलं तेव्हा मी मान डोलावली, पण मला ते कैरीनंच जास्त चांगलं सांगितलं होतं.

तो लगदा मी ओलं फडकं अंथरून लाकडी खोक्यात थापला, तिसऱ्या दिवशी पक्क्या दोऱ्यानं कापला. चव्वेचाळीस वड्या झाल्या. सावलीत तट्ट्यावर मांडल्या. वडी तीन आठवडे वाळू द्यावी लागते, नाहीतर पाण्यात भसाभसा झिजते. त्यातल्या एका वडीनं मी स्वतः रोज अंघोळ करत होते, कोपराला मुद्दाम खरवडून तिथं लावत होते. आग झाली नाही.

वड्या वाळताहेत तोवर पुढच्या काळातल्या दोन गोष्टी सांगून टाकते, नाहीतर राहतील.

पुढं माझा साबण बाजारात आला तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते माळकऱ्यांचं. गिरणीच्या साबणात जनावराची चरबी असते असं लोकांत बोललं जायचं. खरं-खोटं मला ठाऊक नाही, पण माझ्या साबणात नव्हती हे मला ठाऊक होतं. भाटघरकडच्या एक आजी दर महिन्याला यायच्या. वडी हातात घेऊन आधी हुंगायच्या, मग दातानं टवका काढून सरळ चावायच्या. मी म्हणायची, "आजी, कशाला, मी सांगते ना." त्या म्हणायच्या, "तू सांगशील गं, जीभ खरं सांगती." चावलेली वडी मग त्याच घेऊन जायच्या, एवढा न्याय होता.

दुसरी गोष्ट सांगायला मन होत नाही. लढाईनंतर जेव्हा दुकानं पुन्हा साबणानं भरली, तेव्हा सगळेच साबणवाले वडी जड दिसावी म्हणून तिच्यात शंखजिऱ्याची पूड घालायला लागले. त्यानं अपाय होत नाही, पण फेस मरतो. एक साल मीही घातली. कुणी तक्रार केली नाही. त्या आजींनी मात्र एक टवका चावला, वडी परत तट्ट्यावर ठेवली आणि निघून गेल्या. मी पूड घालणं सोडलं, पण आजी पुन्हा आल्या नाहीत. तीस वर्षांत मला टोचतं ते एवढंच.

तर वड्या वाळल्या. भागाबाईला निरोप धाडला होता, पण ती आली नाही. मामंजी म्हणाले, "आपणच जाऊ." कंपौंडरकाकांनी मलमाचा डबा भरून दिला. दोन्ही बैल गाडीला जुंपले. वर्षानुवर्षं घाण्याभोवती फिरलेले बैल ते. पहिला कोसभर सारखे डावीकडं वळायला बघत होते. नसरापुरात मुक्काम करून आम्ही दुसऱ्या दिवशी वेल्ह्याला पोचलो, गाडी तिथं ठेवली आणि डोक्यावर वड्यांची पाटी घेऊन मी मामंजींच्या मागं वाडीवर चढले.

भागाबाई का आली नव्हती ते चढून गेल्यावर कळलं. वैशाखात वाडीतला झरा करंगळीएवढा झाला होता. प्यायला पाणी पुरत नाही, तिथं अंघोळ कुठली. आणि दुसरं असं, की वाडीच साबणाला घाबरली होती. वाडीतले थोरले बिरूबाबा झाडाखाली बसले होते. त्यांनी माझ्या पाटीकडं बघितलं आणि हात आडवा केला.

"ह्या बाईच्या साबणानं घोंगडी खाल्ली. म्या बाजारात माज्या डोळ्यांनी बघितलीया. लेकरांचं कातडं घोंगडीपरास घट हाय का?"

बायका माझ्यापासून चार पावलं मागं सरल्या. सखू पोरीला घेऊन उभी होती, तीही सरली. मी बोलायला गेले, तो साबण वेगळा होता, हा वेगळा, यात मीठ मारलंय, पण माझं मलाच ते पोकळ वाटत होतं. घोंगडी त्यांनी बघितली होती. कैरी बघितली नव्हती.

मामंजी म्हणाले, "नदीला डोह हाय ना खाली? त्यात पाणी हाय?"

"हाय."

"मग चला समदी. जनावरं पाजता त्याच्या खालच्या अंगाला."

काय आहे ते बघायला का होईना, सगळी वाडी खाली उतरली. डोहावर मामंजींनी पैरण काढली, धोतराचा काचा मारला आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. माझ्या पाटीतली एक वडी त्यांनी बिरूबाबांच्या हातात दिली आणि त्यांच्याकडं पाठ केली.

"घास. चांगला दाबून घास. भोक पडलं तर समद्यांनी बघा."

बिरूबाबा पाण्यात उतरले. आधी भीत भीत, मग जोर करून घासायला लागले. फेस आला. बायकांच्या तोंडून हळू आवाज निघाला, कारण त्यातल्या निम्म्यांनी फेस कधी पाहिलाच नव्हता. साठ वर्षांचं तेल त्या पाठीत मुरलेलं होतं. फेस काळा होऊन ओघळला, पुन्हा पांढरा आला. मामंजींनी बुडी मारली आणि वर आले. त्यांची पाठ त्या पाण्यावर अशी उजळ दिसली, की मला स्वतःला ती नवी वाटली.

"पडलं का भोक?" त्यांनी विचारलं.

बिरूबाबा पाठीकडं बघत राहिले. मग स्वतःच्या मनगटाकडं बघितलं. तिथंही खरूज होती, आत्तापर्यंत ती त्यांनी मुंडाशाच्या सोग्याखाली झाकून धरली होती. त्यांनी तीच वडी आपल्या हाताला लावली. त्यांनी घासलं, धुतलं, हात वर करून उन्हात धरला.

"आग न्हाई," ते म्हणाले.

मग कोण कुणाला थांबवणार. सखू पहिली आली. पोर मी माझ्या मांडीवर घेतली, पायांवर आडवी धरून बोटांच्या बेचक्या एकेक करून धुतल्या. ती गार पाण्यानं रडली, साबणानं नाही, आणि हा फरक मी कान देऊन ऐकत होते. भागाबाई मलम लावत होती. पुरुषांनी वाडीतल्या सगळ्या घोंगड्या आणून तापलेल्या कातळावर पसरल्या. कंपौंडरकाकांनी तसंच सांगितलं होतं, अंथरूण-पांघरूण उन्हात तावून निघालं पाहिजे, नाहीतर खरूज परत येते. दिवस कलेपर्यंत आम्ही अकरा घरं न्हाऊ घातली. माझ्या हाताच्या बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या, कंबर ताठली होती, आणि मला वाटत होतं, आणखी अकरा घरं असती तरी चाललं असतं. उरलेल्या वड्या आणि मलम वाडीत ठेवलं, आठ दिवसांनी पुन्हा असंच करायचं सांगितलं आणि आम्ही उतरलो.

पुढचे तीन आठवडे काही कळलं नाही. मी रोज वाटेकडं बघायची. गुण आला नसेल, म्हणून तोंड दाखवत नसतील, असंही मनात यायचं. मग एक दिवस भागाबाई बियांचं पोतं घेऊन दारात उतरली. पोतं टाकलं, पाणी प्याली, बैलांची चौकशी केली. माझा धीर संपला.

"पोरं कशी हायत?"

"झोपत्यात," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"अगं, खरूज रातीचीच उठती. दोन महिनं वाडीत कुणाच्या घरात सबंद रात झोप न्हवती. लेकरू खाजवतंय, आई धरतीया. सखू तर उभ्या उभ्या डुलक्या घ्यायची. आता समदी वाडी झोपती. परवा सखू उन्हं वर येस्तवर उठली न्हाई, आन् मी तिला उठवलीबी न्हाई." मग तिनं पोत्यावर थाप मारली. "ह्ये बी दिव्याला न्हाई आणलं. ह्येचा साबण कर. बिरूबाबानं समद्या घरांतनं गोळा करून दिलंय."

कंपौंडरकाकांची वीस गावं त्यानंतर आली, आणि माझं काम सुरू झालं ते तिथून. पण मी साबणवाली झाले तो दिवस विचाराल तर भागाबाई आली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

सकाळी आळीतले एक गृहस्थ बुधला घेऊन आले आणि नेहमीप्रमाणं दारात बसले. मामंजी बैल जुंपत होते. भागाबाईचं पोतं त्यांनी घाण्याशी उघडून ठेवलं होतं. गृहस्थ म्हणाले, "तेलीबुवा, तेवढं माझं आधी काढून द्या."

मामंजींनी बैलाच्या डोळ्यांवर झापड बांधली, पहिली ओंजळ घाण्यात सोडली आणि वळूनही न बघता म्हणाले, "दुपारनंतर या. सकाळचा घाणा सुनंचा असतो."